विद्यार्थ्यांची चित्रे पाहताना

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून झाली. या संस्थेचे वार्षिक प्रदर्शन म्हणजे विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या कामाचे जाहीर दर्शन. रंगकला आणि शिल्पकलेबरोबरच मुद्राचित्रे, वस्त्रकला, धातुकाम आणि मृत्पात्री अशा विभागांचे कामही तिथे पाहायला मिळते.

सुरुवातीच्या वर्षांतील कामांत वस्तुचित्रण, व्यक्तिचित्रण आणि निसर्गचित्रण यांवर भर असतो. प्रमाण, छायाप्रकाश आणि रेषेवरची पकड इथे पारखली जाते. नंतरच्या वर्षांत विषय विद्यार्थी स्वतः निवडतो. लोकलची गर्दी, चाळीचा जिना किंवा गावाकडचे घर रंगवताना त्याची दृष्टी घडू लागते. काही कामांवर गुरूंची किंवा नामवंतांची छाप स्पष्ट दिसते. शिकण्याच्या वयात ती स्वाभाविकच असते. त्यातून सुटण्याची धडपड जिथे दिसते, तिथे प्रेक्षकाने अधिक वेळ थांबावे.

महादेव विश्वनाथ धुरंधर, सय्यद हैदर रझा, वासुदेव गायतोंडे आणि तय्यब मेहता हे याच संस्थेत शिकले. गायतोंडे यांची पुढची अमूर्त चित्रे आणि धुरंधरांची कथनप्रधान चित्रे यांत मोठे अंतर आहे. एकाच शिस्तीतून इतक्या वेगळ्या वाटा फुटू शकतात, म्हणून विद्यार्थ्याचे चित्र केवळ सफाईवर जोखू नये. निरीक्षणाचा प्रामाणिकपणा, माध्यमाची समज आणि नवे करून पाहण्याचे धाडस हे त्याचे खरे निकष आहेत. पालक, शिक्षक आणि रसिकांनी अशा प्रदर्शनांना आवर्जून जावे. जाणत्या प्रेक्षकाची दाद आणि नेमकी टीका हाही कलाशिक्षणाचाच भाग आहे.