मिलिमीटरांचे संशोधन

आपल्याकडच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागांत एक प्रकल्प दरवर्षी नव्याने जन्म घेतो. तुळस, कडुनिंब, अडुळसा, दारुहळद, जे हाती लागेल त्याचा अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, जिवाणू वाढवलेल्या पेट्रीडिशमध्ये सोडायचा आणि भोवती पडलेले स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजायचे. वर्तुळ पडले की प्रबंध झाला. मग कुण्या साबणाच्या वेष्टनावर ‘विज्ञानाने सिद्ध’ छापायलाही हरकत नाही!

अर्क किती दाट होता, हे मात्र कोणी विचारत नाही. चांगले प्रतिजैविक मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम एवढ्यावर काम करते. अर्कांना पुष्कळदा मिलिग्रॅम लागतात, म्हणजे मामला हजारपटींचा. शिवाय अल्कोहोल नीट उडाले नसेल तर जिवाणू नेमके कशाने मेले?

दारुहळदीचेच घ्या. तिचा पिवळा रंग बर्बेरीनचा. तिच्या काढ्यापासून केलेले रसांजन आयुर्वेदात डोळ्यांसाठी वापरतात. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियससमोर एकटे बर्बेरीन दुबळे ठरते, कारण हा जिवाणू आपल्या पेशीपटलातल्या ‘नोरए’ नावाच्या पंपाने ते बाहेर फेकत राहतो. फ्रँक स्टर्मित्झ, किम लुईस आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी इथे वही मिटली नाही. २००० साली त्यांनी दारुहळदीच्याच प्रजातीतल्या झुडपांत मेथॉक्सिहिड्नोकार्पिन हे दुसरे द्रव्य दाखवून दिले. ते स्वतः जिवाणू मारत नाही, नुसता पंप बंद पाडते. मग बर्बेरीन आत साचते आणि आपले काम करते. आपल्या वर्तुळाच्या परीक्षेत हे द्रव्य सपशेल नापास झाले असते, आणि झाडाची खरी युक्ती कचऱ्याच्या डब्यात गेली असती.

ही दृष्टी आपल्या देशाला परकी नाही. मिऱ्यातल्या पिपेरिनमुळे सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा याच जिवाणूवरचा प्रभाव वाढतो, हे जम्मूच्या एका प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवले. जुनी प्रतिजैविके एकेक करून निकामी होत असताना त्यांना असे जोडीदार शोधणे हे नवे वर्तुळ मोजण्यापेक्षा केव्हाही मोलाचे. त्यासाठी मोठी यंत्रेही नकोत. ९६ खळग्यांची प्लेट आणि दोन-तीन दिवस पुरतात. जिवाणू रोखणारी अर्काची किमान मात्रा काढा आणि तो एका प्रतिजैविकासोबतही तपासा, एवढी अट पदव्युत्तर प्रकल्पांना घालायला विद्यापीठांचे काय अडते?