माजी सैनिकांचे मेळावे आणि निमंत्रणाची यादी

दिवाळीचा फराळ संपून थंडीला प्रारंभ झाला, की सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा जिल्ह्यांतील तालुक्यांच्या गावी एखादे मंगल कार्यालय किंवा देवस्थानचा भक्तनिवास दोन दिवसांपुरता ठरवून एकेका पलटणीतील निवृत्त सैनिकांचे सपत्नीक स्नेहमेळावे भरू लागतात. आणि ज्यांचा त्या पलटणीशी काडीमात्र संबंध नाही अशा गावकऱ्यांना शनिवारी दुपारपासून एवढेच दिसते, की एस.टी.तून आणि भाड्याच्या जीपगाड्यांतून साठी-सत्तरी उलटलेली, परंतु पाठीचा कणा अद्याप ताठ असलेली माणसे उतरत आहेत आणि त्यांच्यामागून हातात पिशव्या घेतलेल्या त्यांच्या सहधर्मचारिणी उतरत आहेत. ज्यांना प्रवास झेपतो ते ४ फेब्रुवारीला थेट बेळगाव गाठतात. कारण तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली कोंढाणा सर केला त्या पराक्रमाचे स्मरण म्हणून मराठा लाइट इन्फंट्री हा दिवस आपला दिन मानते, आणि १९२२ पासून या रेजिमेंटचे केंद्र बेळगावीच आहे. महार रेजिमेंटच्या लोकांना मात्र मध्य प्रदेशातील सागरचा पल्ला गाठावा लागतो, जरी ती रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली ती बेळगावातच.

या मेळाव्यांविषयी मला मनापासून आदर आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. कारण पुढे मी त्यांच्यावर जो ठपका ठेवणार आहे तो परक्याचा नव्हे. आपल्या समाजात माणसाची किंमत त्याच्या चालू मिळकतीवरून ठरवण्याचा जो सर्वमान्य शिरस्ता आहे, तो या दोन दिवसांपुरता येथे रद्दबातल झालेला असतो. निवृत्तीनंतर द्राक्षबागेत पैसा मिळवून तालेवार झालेला, गावचे सरपंचपद भूषवलेला हवालदार, ज्याच्यावर आता साखर कारखान्याच्या फाटकाशी पहारेकऱ्याची नोकरी करण्याची पाळी आली आहे अशा आपल्या जुन्या सुभेदाराला पाहताच खुर्चीवरून उठतो, आणि ‘साहेब, बसा’ म्हणतो ते उपचारापुरते नव्हे. पंचविशीतल्या ज्या लेफ्टनंटाला या लोकांनी सांभाळून सांभाळून मोठे केले, तो आता निवृत्त ब्रिगेडियर होऊन आलेला असतो आणि बडा खान्याच्या पंगतीत त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसतो. जातीपातीच्या, भावकीच्या आणि पक्षोपपक्षांच्या भांडणांनी पोखरलेल्या ग्रामीण जीवनात हा प्रसंग दुर्मिळ आहे.

रात्री गोष्टी निघतात. जंगी पलटणीतल्या, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनमधल्या एखाद्या वृद्धाने १९७१ च्या डिसेंबरातील, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरचे नाव काढले, की १० आणि ११ तारखेच्या दरम्यानची ती रात्र पुन्हा उभी राहते. भारतीय ब्रिगेडियर क्लेर आणि पाकिस्तानी बलुच पलटणीचा अधिकारी यांच्यात झालेला शरणागतीसंबंधीचा तो विलक्षण पत्रव्यवहार, उत्तराच्या लखोट्यात गुंडाळून आलेली बंदुकीची गोळी, आणि मग अंधारातून बाहेर पडू पाहणारी ती बलुच पलटण मराठ्यांनी मागचा रस्ता अडवून धरलेला असल्याने त्यांच्या माऱ्यात कशी सापडली, हे सारे इतिहासग्रंथांत आलेलेच आहे. पण येथे ते ज्याच्या खांद्याला त्या रात्री थंडीने आणि बंदुकीच्या धक्क्याने कळ लागली होती त्याच्या तोंडून ऐकायला मिळते. त्यात थोडी अतिशयोक्ती असते. ती असावीच, चारशे वेळा सांगितलेली गोष्ट चारशे एकाव्या वेळी थोडी सजली नाही, तर सांगणाऱ्यालाच तिचा कंटाळा यायचा.

आता या गोष्टी चालू असताना पलीकडच्या सतरंजीवर बसलेल्या बायकांकडे पाहावे. पलटणीत त्या एकमेकींच्या नवऱ्यांच्या ‘वहिनी’ असतात, अधिकाऱ्याची पत्नी मात्र ‘मेमसाब’. आणि निमंत्रणपत्रिकेवर त्यांचा उल्लेख ‘सपत्नीक’ या एका क्रियाविशेषणात उरकलेला असतो. मेळाव्याच्या आयोजकांची समजूत अशी दिसते, की सेवा नवऱ्याने केली आणि बायको त्याच्या सोबतीला आली. वस्तुस्थिती याहून फार निराळी आहे. सैनिकाला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची किरकोळ रजा; म्हणजे ती सगळी पदरात पडली तरी वर्षाचे नऊ महिने हे घर पुरुषावाचून चालवायचे. त्यात सासऱ्याचे आजारपण आले, दिराशी बांधाचा वाद आला, तलाठ्याच्या चावडीवरचे खेटे आले, मुलाच्या शाळेतली ‘वडिलांची सही’ आली. नवरा नेमका कुठे आहे हे तिला ठाऊक नसे. तिला ठाऊक असे ते ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘मार्फत ९९ ए.पी.ओ.’ एवढेच, आणि सैनिकी टपालाच्या या दोन आकड्यांच्या आड लडाखची चौकी होती की नागभूमीतले जंगल, हे तो रजेवर आल्यावर, तेही त्याच्या मर्जीनुसार, कळायचे. महिन्याची मनीऑर्डर चार दिवस उशिरा आली तर त्याचा अर्थ काय लावायचा, या एका प्रश्नावर त्या काळच्या बायकांनी ज्या रात्री जागून काढल्या, त्यांचा हिशेब कोणत्याही पगारपत्रकात नाही.

पुढे पलटण शांततेच्या ठाण्यावर आली आणि क्वार्टर मिळाले, की कोकणातल्या वाडीबाहेर पाऊल न टाकलेली मुलगी एकदम फिरोजपूरला किंवा बबिन्याला जाऊन पडे. तेथे शेजारच्या खोलीतली सोलापूरकडची बाई तिची बाळंतपणातली आई होई, कँटीनच्या रांगेत उभे राहून ती हिंदी शिके, आणि दोन-अडीच वर्षांनी बदलीचा हुकूम आला की या साऱ्या मैत्रिणी देशाच्या चार कोपऱ्यांत पांगत. म्हणून मी असे म्हणतो, की मेळाव्याला भेटीची खरी भूक घेऊन येणारी व्यक्ती बायको असते. पुरुषांना एकमेकांचे पत्ते ठाऊक असतात, कँटीनमध्ये, पॉलिक्लिनिकमध्ये आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर ते अधूनमधून भेटतातही. परंतु तिची ती फिरोजपूरची मैत्रीण तिला याखेरीज भेटणार कोठे?

मागे वळून पाहिले तर या बायकांचा विसर जुनाच आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी १४७ दिवस अडकून पडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने हतबल होऊन शत्रूच्या कैदेत गेल्या, हे सैनिकी इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. मात्र त्या पलटणींतील जवानांच्या घरी, कोकणात आणि देशावर, त्या काळात काय चालले होते, याबद्दल ती पुस्तके अवाक्षर काढीत नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्याच युद्धात ४६ माणसे गमावली, त्यांचा स्मृतिस्तंभ सरकारने गावात उभा केला, आणि ‘मिलिटरी’ हे उपपद त्या गावाच्या नावाला कायमचे चिकटले. एका खेड्यातील ४६ मृत्यू म्हणजे किती घरे, किती कच्चीबच्ची आणि किती विधवा, याचा अंदाज वाचकाने आपल्या गावावरून करावा.

येथून माझ्या ठपक्याला प्रारंभ होतो. मेळाव्याची यादी पुरुषांच्या नावाने ठेवलेली असते; त्यातला एक जण वारला, की पहिल्या वर्षी व्यासपीठावरून दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते, आणि दुसऱ्या वर्षापासून त्याच्या घरी पत्रिका जात नाही. कुणी हे ठरवून केलेले नसते. यादी ठेवणारा माणूस नाव खोडतो, मोबाइलवरील गटातून नंबर निघून जातो, आणि जिने तीस वर्षे या माणसांना भाकरी वाढली, जिच्या घरी रजेवर जाताना-येताना निम्मी कंपनी मुक्काम करून गेली, ती बाई एका रेघेसरशी पलटणीबाहेर होते. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे, आणि बायको नवऱ्याहून पाच-सात वर्षांनी लहान असावी हा आपल्याकडील रिवाज. तेव्हा या पिढीच्या मेळाव्यांना हळूहळू विधवांचीच संख्या अधिक व्हायला हवी, असे साधे गणित सांगते. प्रत्यक्षात मंडप मात्र दरवर्षी लहान होत जातो, आणि आयोजक म्हणतात, ‘आता माणसेच उरली नाहीत.’ माणसे उरली आहेत, यादीत नाहीत.

याला जोड मिळते ती हळदीकुंकवाची. पुरुषांची रविवारची सकाळ भाषणांत जाते, म्हणून ‘महिलांसाठी कार्यक्रम’ या सदराखाली हळदीकुंकू ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. हेतू चांगला, पण परिणाम असा, की कुणी आग्रहाने एखाद्या दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीला आणलेच, तर नेमक्या त्या वेळी ती भांडी आवरण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन बसते. राष्ट्राने जिच्या नवऱ्याला पदक दिले तिला पलटणीच्याच मंडपात तोंड चुकवावे लागावे, यात सैनिकी बाणा कोणता? याच महाराष्ट्रात, सैनिकांच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींपुढे तो कित्ता म्हणून ठेवला. एका ग्रामपंचायतीला जे साधले ते शिस्तीच्या अभिमानाने छाती फुगवणाऱ्या पलटणीला साधू नये, हे मला पटत नाही.

भावनेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहार उरतोच, आणि तो अधिक कठोर आहे. निवृत्त सैनिकाच्या निधनानंतर पत्नीला मिळणारे सर्वसाधारण कौटुंबिक निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते. पण तो हक्क सिद्ध होण्यापूर्वी रेकॉर्ड ऑफिसातले तिचे नाव, आधार पत्रिकेवरचे नाव आणि बँकेच्या खात्यावरचे नाव ही तिन्ही जुळावी लागतात. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याची हौस. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सासरी दुसरे, आणि भरतीनंतर कारकुनाने लिहून घेतलेले तिसरेच. जन्मतारखेची गोष्ट तर बोलायलाच नको. पुष्कळदा ती १ जून असते, कारण मास्तरांना तीच सोयीची. हे सर्व नवरा हयात असेपर्यंत एका अर्जाने आणि प्रतिज्ञापत्राने निस्तरण्याजोगे असते. तो गेल्यावर त्याच कामासाठी एकट्या बाईला महिनोन्‌महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून येते, हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या माजी सैनिक आरोग्य योजनेचे कार्ड वेगळे. आणि यांतले बहुतेक कागद त्या काळ्या लोखंडी पेटीत असतात, जिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले असते, आणि जिची किल्ली सुभेदारसाहेब जानव्याप्रमाणे अंगावेगळी करीत नाहीत.

मेळाव्यातला रविवारचा अर्धा दिवस या पेटीसाठी काढला, तर कुणाचे काय बिघडेल? पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाला किंवा आपल्या जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याला आगाऊ पत्र लिहून एखादा जाणता कर्मचारी मागवावा, पलटणीत हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले दोघे त्याच्या शेजारी बसवावेत, आणि प्रत्येक जोडप्याने आपले कागद एकदा बायकोच्या हातांनी उलटून घ्यावेत. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणापेक्षा हे काम खचित उपयोगी ठरेल. पाहुणे बहुधा आमदार असतात आणि पुढच्या कार्यक्रमाची त्यांना घाईच असते.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. एक असा, की वर्षातून दोन दिवस माणसे मन मोकळे करायला येतात, तेथे मरणाची आणि कागदांची चर्चा कशाला. आणि दुसरा, की नवरा गेलेल्या बाईला या मेळाव्यात आणले तर तिचे दुःखच उफाळून येईल. पहिल्याविषयी एवढेच म्हणतो, की ज्यांनी उमेदीची वर्षे मृत्यूच्या सोबतीने काढली त्यांना त्याच्या उल्लेखाचा एवढा धसका बसावा हे नवल आहे. दुसरा आक्षेप मात्र सहानुभूतीचा वेष घेऊन येतो म्हणून अधिक घातक. तिला दुःख होईल किंवा समाधान वाटेल, याचा निर्णय तिने करायचा आहे. तिच्या वतीने तो करून टाकण्याचा अधिकार तिच्या दिरांना नाही, मग ते एकाच कंपनीतले का असेनात. शिवाय तिच्या नवऱ्याला तरुणपणी ओळखणारी, त्याच्या खोड्यांचे आणि धाडसाचे किस्से सांगू शकणारी माणसे जगात आता एवढीच आहेत. तिच्या मुलांनाही ती दुसरीकडे भेटणार नाहीत.

येत्या हंगामाच्या तयारीला आयोजक लागलेच असतील. त्यांना माझी विनंती आहे, की गेल्या दहा-पंधरा वर्षांतील जुन्या याद्या काढाव्यात, खोडलेली नावे पाहावीत, आणि त्या प्रत्येक घरी यंदा पत्रिका पाठवावी: ‘कै. अमुक यांच्या पत्नी’ असे न लिहिता, तिच्या स्वतःच्या नावाने. आणि ती एकटी प्रवास करू शकत नसेल, तर तिला घेऊन येण्याची जबाबदारी जवळच्या गावच्या सहकाऱ्यावर सोपवावी.