यंत्र आले, मुखवट्याचे काय?

गोंदिया जिल्ह्यात धान भरडणाऱ्या गिरण्या आहेत, घराघरांत बिड्या वळणारे हात आहेत आणि देवरी-सालेकसाकडच्या खेड्यांत अजूनही सरपणाचा धूर कोंडलेल्या चुली आहेत. धूळ, तंबाखू आणि धूर या तिन्हींचा हिशेब अखेर एकाच ठिकाणी चुकता होतो, तो श्रमिकांच्या फुप्फुसांत. अशा माणसाचा श्वास एखाद्या थंडीत अचानक कोंडला की त्याला गोंदियाच्या शासकीय रुग्णालयाखेरीज दुसरा आसरा क्वचितच असतो.

या रुग्णांसाठी एक मोठा दिलासा वैद्यकशास्त्राने दिला आहे. घशात नळी न घालता, नाकातोंडावर मुखवटा बसवून यंत्राने हवेचा दाब द्यावयाचा. १९९५ साली युरोपातील डॉ. ब्रोशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८५ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांत शंभरांपैकी ७४ जणांना नळी घालावी लागली, तर मुखवट्याच्या उपचारांत २६ जणांना. मृत्यूचे प्रमाणही २९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. म्हणजे प्राण वाचविणारी ही गोष्ट आहे, चैनीची नव्हे.

परंतु आपल्याकडे यंत्राचा समारंभ होतो, मुखवट्याचा होत नाही. आणि रुग्णाचा संबंध येतो तो मुखवट्याशीच! एकाच नळीच्या यंत्रात उच्छ्वास बाहेर पडण्यासाठी मुखवट्यात किंवा नळीत बारीक छिद्रे ठेवलेली असतात. छिद्रे नसलेला मुखवटा छिद्रे नसलेल्या नळीला जोडला, किंवा उच्छ्वासाच्या वेळचा दाब पाण्याच्या ४ सेंटिमीटरहूनही कमी ठेवला, तर सोडलेला कर्बवायू धुऊन जात नाही; रुग्ण तोच पुन्हा ओढतो. ज्याच्या रक्तात तो वायू आधीच साठलेला आहे, त्याच्या बाबतीत हा उपचार कसला? मुखवट्याच्या आतली रिकामी जागा मोठी असली तरी हाच धोका वाढतो. मात्र छिद्रांची जागा नीट योजली तर बराच कमी होतो. आकार आणि छिद्रे यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

दुसरी गोष्ट गळतीची. आयुष्यभर बिडी ओढलेल्या वृद्धाचे दात गेलेले, गाल आत गेलेले. त्याच्या चेहऱ्यावर मध्यम मापाचा मुखवटा बसावा कसा? कडेने हवा निसटते, आणि रुग्णाने श्वास घेण्यास केव्हा सुरुवात केली, केव्हा थांबविला, हे यंत्राला कळेनासे होते. यंत्र एका तालात, रुग्ण दुसऱ्या. मग पट्टे करकचून आवळले जातात, नाकाच्या हाडावर जखम होते, रुग्ण मुखवटा ओढून टाकतो, आणि कागदावर नोंद होते, 'रुग्ण सहकार्य करीत नाही'. गुन्हेगार ठरतो तो गुदमरणाराच! अशाला मग नागपूरला हलवावयाचे, शंभराहून अधिक किलोमीटर, तेही श्वास लागलेल्या अवस्थेत.

उपाय अवघड नाहीत. तीन मापांचे मुखवटे, संपूर्ण चेहरा झाकणारे काही, नाकावर लावण्याची मऊ पट्टी, कवळी काढून न ठेवण्याची साधी सूचना आणि पहिला अर्धा तास खाटेशेजारी उभी राहू शकेल इतक्या परिचारिका. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत महाग, म्हणून तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

बिडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ साली कायद्याने उपकर बसला. त्यातून त्यांच्या दवाखान्यांना पैसा मिळत असे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. मुखवट्यांना पैसा कोठून आणावा, असे विचारणाऱ्यांना याची आठवण करून द्यावी.

कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात एक अर्ज करावा. आपल्या रुग्णालयात अशी यंत्रे किती, हे तर विचारावेच. पण त्यांबरोबर मुखवटे कोणत्या मापांचे व किती आले, एकदाच वापरावयाचे मुखवटे किती रुग्णांना लावले जातात आणि पुढच्या खरेदीच्या निविदेत मुखवट्यांसाठी स्वतंत्र कलम आहे की नाही, हेही लेखी मागावे.