रॉकेटचा रंग आणि हाताचे शिक्षण

गेल्या विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत मुले रॉकेटच्या प्रारूपांना पॉलिश पेपर मारीत बसली होती. आपल्या मुलाला भेटावयास आलेल्या एका पालकांनी ते पाहिले आणि मला विचारले, ''सर, आम्ही जन्मभर लोकांच्या भिंती घासल्या, रंगवल्या, त्या पोरांच्या हाती पेन यावा म्हणून. इथे आल्यावरही त्यांच्या हाती पुन्हा पॉलिश पेपरच का?'' त्यांच्या स्वरात राग नव्हता, दुखावलेपण होते. त्या वेळी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ निभावून नेली. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे नीट उत्तर देणे मला अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट अशी की, रॉकेटवरचा रंग ही केवळ सजावट नव्हे. प्रारूपाचे धड कागदी नळीचे असते आणि शेपटीचे पंख बहुधा बाल्सा या हलक्या लाकडाचे. कागदी नळीवर गुंडाळीची तिरकी खाच दिसते, लाकडावर रेषा आणि सूक्ष्म छिद्रे असतात. अशा खडबडीत पृष्ठभागावरून वाहणारी हवा विस्कटते, रोध वाढतो आणि रॉकेट कमी उंची गाठते. म्हणून खाचेत पातळ केलेली पुट्टी भरावयाची, पंखांना सीलर लावावयाचा, वाळल्यावर घासावयाचे, आणि छिद्रे बुजेपर्यंत हेच पुन्हा करावयाचे. पंखाची पुढची कड गोलसर, मागची निमुळती करावयाची. धड आणि पंख यांच्या सांध्यात डिंकाचा गुळगुळीत उतार द्यावयाचा. त्याने सांधाही बळकट होतो. आपले प्रारूप टेबलावरच उभे राहते हे खरे. परंतु ते उडणार आहे असे समजूनच घडविले, तरच त्यातून विज्ञान शिकता येते.

दुसरी गोष्ट, रंगाला वजन असते. अमेरिकेच्या अवकाशयानाच्या १९८१ मधील पहिल्या दोन उड्डाणांत बाहेरच्या इंधनटाकीला पांढरा रंग दिला होता. १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून तो देणे थांबविले आणि सुमारे २७० किलो वजन वाचले. लहान रॉकेटलाही हाच न्याय लागू पडतो. शेपटीकडे रंगाचे जाड थर चढले तर गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो हवेच्या दाबाच्या मध्यापुढे राहिला नाही, तर रॉकेट सरळ न जाता कोलमडते. रंगापूर्वी आणि रंगानंतर प्रारूप तोलून दोन्ही आकडे वहीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

तिसरी गोष्ट क्रमाची. आधी प्रायमर, तो खाली राहिलेले दोष उघडे पाडतो. ते घासून दुरुस्त केल्यावर पांढरा थर, मग फिकट रंग, शेवटी गडद. एक जाड थर ओघळतो. अनेक पातळ थर टिकतात. पट्टा आखताना चिकटपट्टीच्या कडेवरून खालच्याच रंगाचा हलका हात फिरविला, तर वरचा रंग आत झिरपत नाही. पावसाळी दमट हवेत फवारणी करू नये; चमक मरते. फवारणी उघड्यावर आणि तोंडाला मास्क बांधूनच व्हावी. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही आधी खडकावर भुसा-तूस मिसळलेल्या मातीचा लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ थर दिला आणि मगच रंग भरला. आपण भिक्खूंच्या त्या विहारांत जाऊन चित्रे पाहतो. ती ज्या लेपावर उभी आहेत तो मात्र आपल्या नजरेस येत नाही.

म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की, बाहेरच्या कारागिराकडून चकचकीत करून आणलेल्या प्रारूपाला बक्षीस मिळू नये. परीक्षकांनी चमक पाहण्याआधी सांधा पाहावा, वही पाहावी आणि मुलाला विचारावे, ''हा थर का दिलास?''

आता त्या पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. जातिव्यवस्थेने कामांची नव्हे, तर माणसांचीच वाटणी केली, हे बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिले. एका वर्गाकडे हात दिले, दुसऱ्याकडे पोथी दिली, आणि हाताला हीन ठरविले. आपली मुले केवळ पोथीच्या बाजूला जाऊन बसली आणि हाताला कमी लेखू लागली, तर ती वाटणी मोडली असे कसे म्हणावे? लादलेले श्रम आणि समजून केलेले श्रम यांत मोठे अंतर आहे. भिंत घासणाऱ्या बापाला त्यामागचे कारण कोणी विचारले नाही. त्याच्या मुलाला मात्र आम्ही तेच विचारतो.

यावरून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या पालकांत आणि माजी विद्यार्थ्यांत रंगारी आहेत, सुतार आहेत, गाड्यांचे रंगकाम करणारे आहेत. अस्तर केव्हा वाळले हे बोटाच्या स्पर्शाने ओळखणारी ही माणसे आहेत. आम्हा शिक्षकांपैकी कितीजणांना ते जमते? पुढील प्रदर्शनापूर्वी त्यांना मार्गदर्शक म्हणून सन्मानाने बोलवावे, रीतसर मानधन द्यावे आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव शिक्षकांच्या नावांबरोबर छापावे. पहिले निमंत्रण मला प्रश्न विचारणाऱ्या त्या पालकांना जावे, अशी माझी विनंती आहे.