उपेक्षित संशोधकाचे ऋण

दरवर्षी २८ फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. सभा भरतात, भाषणे होतात; रामन, जगदीशचंद्र बोस, रामानुजन यांची नावे आदराने उच्चारली जातात. ते योग्यच आहे. परंतु या नामावळीत एक नाव क्वचितच कोणाच्या ओठी येते. ते म्हणजे कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांचे. ज्या देशाने पटकीचे थैमान पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्याच देशाने तिचे मर्म उकलणाऱ्या आपल्या सुपुत्रास विसरावे, ही गोष्ट केवळ खेदाची नव्हे, लाजेची आहे.

पटकी म्हणजे काय, हे महाराष्ट्रास सांगावयास नको. पंढरीच्या वाटेवर एके काळी तिने असंख्य वारकऱ्यांचे बळी घेतले आहेत. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातच या रोगाचा जंतू ओळखला. तथापि हा जंतू माणसास नेमका मारतो कसा, हे कोडे त्यानंतर पाऊणशे वर्षे नीट सुटले नाही. जंतूंचे शरीर फुटून निघालेले विष रक्तात भिनते, अशी समजूत प्रबळ होती आणि प्रयोगही बहुधा त्याच दिशेने चालत.

डे यांनी लक्ष वळविले ते आतड्याकडे. सशाच्या आतड्याचा लहानसा भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात त्यांनी पटकीचे जंतू सोडले. तो भाग पाण्याने टरारून फुगला. ही पद्धत १९५३ साली प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी जंतू गाळून काढलेला नुसता द्रव वापरून पाहिला, आणि परिणाम तोच! १९५९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हा निष्कर्ष आला. जंतू आतड्यात विष स्रवतो आणि त्या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात वाहू लागतात, हे रहस्य उलगडण्याची वाट या प्रयोगाने मोकळी झाली.

या वाटेवर पुढे अनेक देशांतील संशोधक चालले. पटकीच्या अमलातही साखरेसोबत मीठ व पाणी शोषून घेण्याची आतड्याची शक्ती शाबूत राहते, हे त्यांनी दाखविले. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे तीसवरून चाराच्या आत आणले. आज तीच पुडी खेड्यातील आईच्याही हाती आहे.

अशा कार्याचा गौरव आपण कसा केला? १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानने पटकीवरील परिसंवादास डे यांना सन्मानाने पाचारण केले. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्यत्व दिले नाही. १९८५ साली ते निवर्तले. महालनबीस यांनाही पद्मविभूषण लाभले ते २०२३ साली, मृत्यूनंतर.

मरणोत्तर पुष्पहारांनी हे ऋण फिटणारे नाही. डे यांचे संशोधन भव्य संस्थेच्या छायेत नव्हे, तर वैद्यकीय महाविद्यालयात, अध्यापनाचा भार सांभाळून झाले, हे ध्यानी घेतले पाहिजे. आज तशा महाविद्यालयांतील किती अध्यापकांना प्रयोगासाठी सवड, साधने आणि वरिष्ठांचे पाठबळ मिळते? परदेशाने पाठ थोपटल्याखेरीज आपल्या माणसाची योग्यता न ओळखण्याची खोड आपण केव्हा सोडणार? डे यांचे तर परदेशाने कौतुक केले, तरीही आपले डोळे उघडले नाहीत.

१९६१ साली सुरू झालेली पटकीची सातवी जागतिक साथ अजून शमलेली नाही. तेव्हा हा केवळ इतिहासाचा प्रश्न नव्हे. डे यांचा प्रयोग शालेय पाठ्यपुस्तकांत यावा, आणि त्याहूनही अगत्याचे म्हणजे, एखाद्या साध्या प्रयोगशाळेत आज काम करीत असलेला दुसरा डे आपल्या नजरेतून निसटू नये. विज्ञान दिनाची सार्थकता त्यातच आहे.