चंद्र एकच, पडदे अनेक

एकोणतिसावा रोजा सुटला की डहाणूच्या किनाऱ्यावर नजरा पश्चिमेकडे लागतात. कोणी म्हणतो, "तो बघा!" शेजारचा म्हणतो, "कुठे? मला नाही दिसत." मग पहिला त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोटाने दाखवतो. ईदचा चाँद असा एकमेकांना दाखवत पाहायचा असतो.

टीव्हीसुद्धा एकेकाळी असाच पाहिला जाई. 1988 ते 1990 या काळात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'महाभारत' लागे आणि ज्याच्या घरी संच असेल त्याच्या ओटीवर सगळी आळी जमे. त्याचे संवाद लिहिणारे होते डॉ. राही मासूम रझा. 1989 मध्ये रमजान एप्रिल-मेमध्ये आला होता. रोजा धरलेले आणि चहा पिऊन आलेले, दोघेही एकाच पडद्यासमोर बसत. सोमवारी बाजारात बोलायला विषयही एकच असे.

त्या दिवसांचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरू नये. रिमोट घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातात असे. बाईची, मुलीची आवड कोणी विचारत नसे. तलासरीच्या पाड्यावरच्या वारली मुलाला त्या पडद्यावर आपली बोली क्वचितच ऐकू येई. आज तोच मुलगा मोबाइलवर आपल्या बोलीतली गाणी ऐकतो, तारप्यावरचा नाच पाहतो. एखादी गृहिणी सहरीची भांडी आवरता आवरता मनासारखे प्रवचन ऐकते. ही निवड त्यांच्याकडून परत मागण्याचा हक्क कोणालाच नाही.

प्रश्न वेगळाच आहे. मोबाइलवर आपण निवडतो थोडे, आपल्यासाठी निवडले जाते जास्त. ज्या चित्रफितीवर बोट थांबले, तसल्याच पुढच्या दहा समोर येतात. भीतीवर थांबले तर भीतीच वाढून येते. एका घरातल्या चौघांना चार वेगळी जगे दिसतात, मग एका गावातल्या चार समाजांची काय कथा?

याची किंमत या तालुक्याने मोजली आहे. टाळेबंदीत 28 मार्च 2020 पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले आणि घरे पुन्हा एका पडद्यासमोर बसली. त्याच दिवसांत मोबाइलवरून मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. 16 एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव घेतला. पुढे त्या घटनेलाच धर्माचा रंग देणारे संदेश फिरू लागले. अखेर अटकेतल्या 101 जणांत एकही मुस्लीम नाही, हे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना यादीसह जाहीर करावे लागले. आधीची अफवा आणि नंतरचा अपप्रचार, दोन्ही ज्याच्या त्याच्या हातातल्या छोट्या पडद्यावर एकेकट्याने पाहिले गेले. "अरे, हे खरे कशावरून?" असे विचारणारा शेजारी तिथे नव्हता.

ओटीवरचा टीव्ही आता परत येणार नाही. पण तो शेजारी परत आणता येईल. रमजान त्याची रोज एक संधी देतो. इफ्तारची वेळ कोणाच्या आवडीप्रमाणे बदलत नाही. सूर्य मावळला की गावातले सगळे रोजेदार एकाच वेळी खजूर उचलतात. त्या दस्तरखानावर शेजारचा हिंदू, पारशी, आदिवासी मित्रही बसू शकतो. आज काय पाहिले, हे तिथे एकमेकांना दाखवावे. पुढे पाठवण्याजोगा वाटणारा संदेश आधी त्या चार माणसांसमोर वाचावा. ज्यांच्याविषयी तो लिहिला आहे, त्यांच्यासमोर वाचताना जीभ अडखळली, तर तो तिथेच पुसून टाकावा.

चाँद दिसल्याची खबरही आता मोबाइलवरच येते. तरी लोक किनाऱ्यावर जातात. कारण शेजाऱ्याला बोटाने दाखवलेला चंद्र दोघांचा होतो.