ती डबलसीट होती, एवढं तरी लिहा

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य



मी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीची, हुतात्म्यांच्या आष्टीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. गाडी कधी चालवली नाही, पण लग्न झाल्यापासून गाडीवर मागे बसते आहे. तळेगावला बँकेत, आर्वीला डोळे दाखवायला, तोडणीच्या दिवसांत संत्र्याच्या बागेत, सगळीकडे डबलसीट. मांडीवर पिशवी, एक हात सीटमागच्या कडीला, दुसऱ्या हातात पदर घट्ट धरलेला. एसटीची वेळ जुळली तर एसटी, नाही तर कुणाची तरी गाडी. आमच्याकडच्या बायकांचं येणंजाणं असंच चालतं.

माझी मोठी बहीण अशीच एका लग्नाहून भाऊजींच्या मागे बसून परतत होती. रस्ता दुसऱ्या जिल्ह्यातला. मागून आलेल्या पिकअपचा धक्का लागला. भाऊजींचं कोपर खरचटलं. बहिणीच्या खुब्याचं हाड मोडलं, डोक्याला मागून खोक पडली. ज्या दवाखान्यात तिला नेलं त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी तिला वाचवलं, आणि ही चूक काही त्या एकाच ठिकाणी होते असं नाही. केसपेपरवर लिहिलं गेलं, 'आरटीए, मोटारसायकल चालवताना पडून'; आरटीए म्हणजे रस्त्यावरचा अपघात. माझ्या बहिणीला सायकलसुद्धा येत नाही.

हे घडलं कसं, ते मी तिथेच उभी राहून पाहिलं. ती स्ट्रेचरवर शुद्धीत होती, पण माहिती विचारली भाऊजींना. ते घाबरलेले. "गाडी चालवत होतो, मागून ठोकलं, पडलो," एवढं बोलले. त्यांचं वाक्य तिच्या कागदावर उतरलं. तिला कुणी काही विचारलंच नाही. त्या घटकेला मलाही ते खटकलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

खटकलं ते भरपाईच्या दाव्याच्या वेळी. चालकाची स्वतःची चूक किती हे न्यायाधिकरण तपासतं आणि तेवढी रक्कम कापतं. मागे बसलेल्या बाईच्या माथी ती चूक कशी मारणार? विम्याचंही तसंच. नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत आपल्याच गाडीवर मागे बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंह प्रकरणात म्हटलं. पॅकेज पॉलिसीत ती येते, हे २०१२ च्या बालकृष्णन प्रकरणात स्पष्ट झालं. चालक की डबलसीट, या एका शब्दावर एवढं सगळं अडलेलं असतं. तो शब्द दुरुस्त करून घेण्यासाठी आम्ही शपथपत्रं केली, खेटे घातले, आणि खुबा मोडलेल्या बहिणीला "तुम्ही गाडी चालवत नव्हता कशावरून?" हा प्रश्न ऐकावा लागला.

साहेब, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात मोटारसायकलवरच्या जखमींसाठी व्ही २० ते व्ही २९ हे कोड आहेत. कार, पिकअप किंवा व्हॅनशी टक्कर झाली तर व्ही २३. त्यापुढे टिंब देऊन आणखी एक आकडा येतो. रस्त्यावरच्या अपघातात चालक जखमी झाला तर चार, मागे बसलेली व्यक्ती जखमी झाली तर पाच, गाडीवर चढता-उतरताना लागलं तर तीन. माझी बहीण म्हणजे व्ही २३.५. वर्गीकरण करणाऱ्यांना ती दिसली होती, त्यांनी तिच्यासाठी जागा ठेवली होती. पण कोड देणारा माणूस कागदावर असेल तेवढंच पाहतो. मनाने भर घालण्याची त्याला मुभा नाही. नुसतं 'आरटीए' लिहिलं असेल तर त्याने व्ही ८९.२ लावायचा, म्हणजे कुठल्या तरी वाहनाचा, कसला तरी अपघात. हाड कुठलं मोडलं याचा वेगळा कोड बरोबर लागतो. ते मोडलं कसं, ते मात्र हरवतं.

आणि मागे बसणारीचं पडणं वेगळं असतं. पुढच्याला गतिरोधक दिसतो, तो अंग सावरतो, हँडल धरतो. मागे एका अंगाने बसलेलीला काहीच दिसत नाही. ती उचलली जाते आणि पाठीवर, डोक्यावर आपटते. कुणाचा पदर चाकात जातो, कुणाची ओढणी गळ्याला आवळते. लहान पोराची टाच चाकाच्या आऱ्यांत अडकून सोलून निघते. यासाठीच केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम आहे: मागच्याला धरायला पक्की कडी, पाय ठेवायला जागा, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकणारी जाळी. आमच्या बाजारात उभ्या गाड्या पाहा, किती जाळ्या काढून टाकलेल्या दिसतील. पण पदर अडकून किती बायका पडल्या हे दवाखान्याचे कागद सांगत नसतील, तर या नियमाचा आग्रह कोण आणि कशाच्या आधारावर धरणार?

मेलेल्यांची मोजणी होते. २०२२ मध्ये देशात हेल्मेटविना ५०,०२९ माणसं गेली, त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती, असं रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. ही नोंद पोलिसांची. आपल्या राज्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये वाहतूक पोलिसांनी ई-चलान यंत्रातही बदल केला. विनाहेल्मेट चालक आणि विनाहेल्मेट मागचा, असे दोन वेगळे मथळे झाले. दंड घेताना जो फरक आपण करतो, तो टाके घालताना का करू नये?

माझी मागणी एका रबरी शिक्क्याची आहे. आष्टीचं आणि कारंजा घाडगेचं ग्रामीण रुग्णालय, आर्वीचं उपजिल्हा रुग्णालय, इथून सुरुवात करावी. दुचाकीचा जखमी आला की केसपेपरवर आणि एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांच्या, रजिस्टरला शिक्का मारायचा: चालवत होते, मागे होते की चढत-उतरत होते, बसणं एका अंगाने की दोन्हीकडे पाय टाकून, हेल्मेट होतं का, धडक, गतिरोधक, खड्डा की चाकात कपडा, आणि ही माहिती कुणी दिली. हा शेवटचा रकाना कृपा करून गाळू नका. जखमी बाई शुद्धीत असेल तर तिलाच विचारावं, नवऱ्याला किंवा दिराला नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना सात दिवस, दीड लाखांपर्यंत विनारोकड उपचाराची केंद्राची योजना लागू आहे, त्यामुळे आता दवाखान्याची नोंद आणि पोलिसांची नोंद एकमेकींना भिडणारच आहेत. दोन्हीकडे एकच गोष्ट लिहिलेली असावी.

शिक्क्यातला मजकूर मराठीत असावा. म्हणजे खाटेवर पडलेल्या बाईलाही कागद हातात घेऊन, आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचता येईल, आणि चुकलं असेल तर सिस्टरना तिथल्या तिथे सांगता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
आष्टी (शहीद), जि. वर्धा